बूट पिक्चरात नाहीत

४ नोव्हें., मंगळ.
आमच्या पर्यटन संघाचा तो स्वच्छतेच्या ऑनलाइन प्रशिक्षणाचा व्हिडिओ आज पुन्हा लावला. पुन्हा झोप लागली. एक माणूस पडद्यावरची पाटी वाचतो, मग दुसरी पाटी येते, तीही वाचतो. मला वाचता येतं, बाबा. नागावात घरात पाहुणे ठेवणाऱ्यांपैकी कुणीच तो शेवटपर्यंत पाहिलेला नाही, असं अध्यक्ष गजाभाऊ सांगतात. त्यांनी तरी कुठे पाहिलाय.

म्हणून आता नवा होणार. काम ऋतुजाच्या कंपनीला. माझी भाची, वाशीला असते, असलीच प्रशिक्षणं बनवते. फोनवर उत्साह ओसंडून चालला होता. "मावशी, लोकांना लेक्चर नको असतं. स्टोरी पाहिजे. हिरो, प्रॉब्लेम, क्लायमॅक्स. एकदम फिल्मसारखं."

"हात धुण्यात क्लायमॅक्स कुठून आणणार?"

"तेच तर आमचं काम!"

जन्मभर भूगोल शिकवला. पार्श्वसंगीताशिवाय. मुलं पास झाली.

९ नोव्हें., रवि.
शूटिंग, माझ्याच वाडीत. ऋ. आणि दोन मुलगे, पाठीवर पेट्या. दोघेही बुटांसकट थेट ओसरीवर. सकाळीच पुसली होती. मी त्या बुटांकडे पाहिलं. वर्ग गप्प करायला मला तेवढं पुरायचं. हे दोघे ढिम्म. एकाने तर कॅमेरा माझ्याकडे वळवला.

कुंदाला पण बोलावलं होतं. पलीकडच्या वाडीतली. माझ्या पाहुण्यांचं जेवण तिच्याच घरून येतं, माझंही, कैक वर्षं. बाई आली ती लेकीच्या लग्नातलं पातळ नेसून, डोक्यात अबोलीचा एवढा मोठा गजरा.

"कुंदे, बांगडे साफ करायचेत, वरातीला नाही जायचं."

"असूं दे वो बाई. जल्मात येकदाच पिक्चरमंदी दिसायची हाय."

विहिरीजवळच्या दगडावर बसून तिने टोपलीभर बांगडे साफ केले. कॅमेऱ्याकडे बघू नका म्हणून सांगितलेलं, ती दर बांगड्यामागे एकदा बघत होती.

१६ नोव्हें., रवि.
व्हिडिओ आला. सगळ्यांच्या फोनवर एकदमच.

मुंबईचं कुटुंब आमच्या गावी येतं. हसतं, पाण्यात खेळतं. मग संगीत खाली उतरतं. एक दगड, बांगडे, बाईचे दोन हात. एक माशी. (आमच्याकडची नव्हेच. कुठून तरी आणलेली, गुबगुबीत.) आणि त्यावर माझा चेहरा. पडदाभर. नाक वर, ओठ आवळलेले, डोळ्यांत किळस. पुढे त्या कुटुंबातली पोर पोट धरून विव्हळते.

तो बुटांसाठीचा चेहरा. बूट कापले, चेहरा ठेवला, बांगड्यांपुढे नेऊन चिकटवला.

गजाभाऊंचा फोन: "बाई, काय झालंय पिक्चर! आमची ही दोनदा बघून बसली. आणि तुमचा तो लुक! एक नंबर!"

लहानपणी मिशनच्या शाळेत सिस्टर भिंतीवर स्लाइड दाखवायच्या. नरकाची आली की शेवटच्या बाकावरच्यासुद्धा ताठ बसायच्या. म्हणजे युक्ती नवी नाही. फक्त त्या नरकात माझ्या शेजारणी नव्हत्या.

१७ नोव्हें., सोम.
दुपारचं जेवण आलं नाही. पाहुण्यांना पोहे घातले. कुंदाकडे गेले तर आतूनच,

"घाण हातचं कशाला जेवताव बाई?"

सांगितलं सगळं. ते दोन मुलगे, ओसरी, बूट.

बाहेर आली. "बूट? पिक्चरमंदी बूट न्हाय कुठं."

"अगं, ते कापले."

"मंग तुमचं त्वांड कशाला न्हाय कापलं?"

मग म्हणाली, "एवढी वर्सं माज्या हातचं खाल्लंत. कधी मनात व्हतं तर सांगायचंत. पिक्चरात कशाला?"

गजरा दिसला नाही, पातळ दिसलं नाही, हे तिने बोलून दाखवलं नाही. मला मात्र घरी आल्यावर सुचलं. पूर्ण व्हिडिओत कुंदाचा चेहरा एकदाही नाही. नुसते हात.

२० नोव्हें., गुरु.
फक्त माझा प्रश्न राहिलेला नाही. रस्त्यापलीकडच्या दोन घरांनीही कुंदाकडचं जेवण बंद केलं. "पाहुण्यांनी विचारलं तर काय सांगू, बाई? तुम्हीच तोंड फिरवलंत म्हटल्यावर..." म्हणजे तिचा धंदा बुडवणारी मी.

ऋ.ला फोन. भांडले.

"मावशी, इट्स जस्ट अ रिअ‍ॅक्शन शॉट. आधी हात दाखवायचे, मग चेहरा. मधलं बघणारा स्वतःच जोडतो. तीच तर गंमत आहे."

"गावाने जोडलं. आता तोड."

"मी कुठे म्हटलं ते हात कुंदामावशीचे आहेत? नाव पण नाही टाकलं."

"हातात हिरव्या बांगड्या, दगड माझ्या विहिरीचा, आणि गावात डोळस माणसं. नाव कशाला लागतंय?"

मग हळूच, "पण मावशी, या वेळी सगळ्यांनी पूर्ण बघितला. सगळ्यांनी. आधीच्या वेळी कुणीच नाही."

हे खरं आहे, आणि त्याचाच जास्त संताप येतो. काल गजाभाऊंकडे गेले होते, मोरीवर नवा साबण, शेजारी धुतलेला टॉवेल. त्या घरात आजवर साबण मोरीवर सापडला नव्हता. खरं सांगायला जी युक्ती चालते तीच खोटं सांगायला, तितक्याच जोरात. आणि ऋ.ला दोन्हीत फरक दिसत नाही. बघितलं ना लोकांनी? झालं.

२३ नोव्हें., रवि.
न कापलेलं सगळं चित्रण तिने पाठवलं. माझ्याशी वाद घालून थकली असावी.

दुपारभर पाहिलं. आहे. सगळं आहे. मुलगे ओसरीवर चढतात, बूट, चिखल, माझी मान खाली जाते, नजर बुटांवर, मग वर. कुंदा त्या वेळी चौकटीतच नाही. ती दुसऱ्याच फायलीत. पाणी पालटून पालटून बांगडे धुते, दगड नारळाच्या सोडणाने घासते, पुन्हा धुते, मध्येच कॅमेऱ्याकडे बघून लाजते. गजरा लख्ख दिसतो.

काही घडत नाही. नुसतं स्वच्छ होत जातं. प्रशिक्षण म्हणतात ते हेच ना? पण हे कापलं. माशी ठेवली.

२७ नोव्हें., गुरु.
संघाची बैठक. गजाभाऊंच्या अंगणात पडदा लावून घेतला. "सगळं दाखवा, सुरुवातीपासून, मध्ये हात लावायचा नाही," म्हटलं.

मार्गशीर्षातला गुरुवार, बायका पूजा आटोपून आलेल्या. पडद्यावर बांगडे आल्यावर एकीने डोळ्यांवर पदर घेतला. बाकीचे जरा वेळ बसले. मग कुणी चहाला उठलं, कुणी फोन काढला. "बाई, यात म्युझिक न्हाय व्हय?" गजाभाऊ कानाशी येऊन, "फार लांब हाय हो. लोक बसणार न्हाय." मी वर्गात बघायची तसं बघितलं. आता त्या नजरेचीही पंचाईत. सगळे हसले. "बघा बघा, तोच लुक!"

कुंदा कुंपणाशी उभी होती. मी पाहिलं. पडद्यावर ती दगड घासत होती तेव्हा होती. बूट यायच्या आत निघून गेली. माझी चूक. ऋ.ने फायली लावल्या त्या क्रमाने दाखवल्या, आणि बूट शेवटच्या फायलीत.

ऋ. असती तर बूट आधी लावले असते. हे मनात आलं याचाही राग आला.

२ डिसें., मंगळ.
ऋ.चा फोन. आवाज मऊ. कुंदामावशीचं ऐकून वाईट वाटलं म्हणाली. खरंच वाटलं असावं. पण तोडगा काय, तर भाग दुसरा.

"तू कुंदामावशीकडे जातेस. दार बंद. तू थांबतेस. मग दार उघडतं, तू तिचे हात हातात घेतेस. मावशी, लोक रडतील!"

"मी रडायचं का?"

"थोडंसं. डोळे भरले तरी चालेल, पुढचं आम्ही करतो."

पुढचं तुम्हीच करता, हेच तर दुखणं आहे. नाही म्हटलं. माझी अट सांगितली. फोन भिंतीच्या देवळीत ठेवायचा. कुंदा आणि मी पाटावर. तिने वाढायचं, मी जेवायचं, पहिल्या घासापासून हात धुवेपर्यंत. एकही काप नाही, संगीत नाही, माशी आली तर इथलीच.

"एवढा वेळ कोण बघणार, मावशी?"

"ज्यांनी तिचं जेवण बंद केलं त्यांनी बघावं. नसेल बघायचं तर आधीचा काढून टाक."

काढता येत नाही म्हणे. संघाने घेतलाय, आता तो त्यांचा. मी फोन ठेवला नाही. शेवटी, "रविवारी येते. एक टेक. पण कुंदामावशी हो म्हणाली पाहिजे."

४ डिसें., गुरु.
कुंदाकडे गेले. दारातच उभी केली. आत ये नाही, बस नाही. सगळं सांगितलं.

"म्हंजे परत पिक्चर."

"परत. पण न कापता."

"आदीच्या पिक्चरात हात माजे नि त्वांड तुमचं. या पिक्चरात काय माजं?"

"सगळी तू. डोक्यापासून."

"तुमी म्हनाल. कापनारी तुमची भाची हाय."

दार लोटलं. आपटलं नाही, लोटलं. हो नाही, नाही नाही. शिळी चपाती खाऊन झोपले.

६ डिसें., शनि.
दोन पाट घासून ओसरीवर ठेवलेत. ऋ.ला बजावलंय, बूट फाटकाबाहेर. तिचेही.

सकाळी बाजारात कुंदा दिसली. बांगड्यांच्या टोपलीपाशी घासाघीस करत होती. माझ्याकडे बघितलं नाही. बांगडे तिला घरीही लागतात.

संध्याकाळी कुंपणावरून सहज नजर गेली. तिच्या दारची अबोली काल फुलांनी भरलेली, आज सगळी खुडलेली. देवाला वाहिली असेल. लेक माहेरी आली असेल.

मी काही जोडत नाही.