जगदेवच्या शहाणपणाची शपथ

॥ श्री ॥
अनसिंग, ता. १२ जानेवारी १९३७

चि. सौ. पंचफुला हीस दौलतरावाचे अनेक आशीर्वाद. इकडे क्षेम, तुमच्याकडचं कळवत जा.

क्षेम लिहिलं ते रीत म्हनून. आपला धाकटा जगदेव पुन्हा बिघडला. रातभर झोपत नाही. दिवसा आपली तूर सोडून शेजारच्या उकंडरावाच्या तुरीत उभा राह्यते अन् पाखरं हाकलते. पाखरू तर एक बी नसते! परवा त्यानं तुझ्या रंगूवयनीले लोटा फेकून मारला, कपाळ फुटलं. मंग मी त्याले गोठ्यात खुट्याले बांधलं. बांधतानी त्यानं हात मागं घेतले नाही, तेच मनातून जाऊन नाही राह्यलं.

वाशीमचे वकील म्हनतात, भाऊ वेडा आहे असा शपथेवर मॅजिस्ट्रेटापुढं अर्ज करा, डॉक्टरचे दाखले जोडा, नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवून घेतीन. तू बी येऊन तसं सांग. मले हे बरं वाटते का? नाही वाटत. न करावं तर रंगूचं कपाळ दिसते. काय करू, उमजत नाही.

जावईबुवांस रामराम, पोरीले पापा. लोभ आहे तो आटू देऊ नको.
दौलतराव

॥ श्री ॥
मालेगाव, ता. २० जानेवारी १९३७

ती. दादांच्या पायी पंचफुलाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र वाचता वाचता तव्यावरची भाकर करपली. वयनीच्या जखमेत हळद भरत जा. ती बोलनार नाही, पन दुखत तर असंनच.

मी येनार नाही अन् तसं सांगनार बी नाही. तुमी का कमी आहा बाप्पा? माझ्या लग्नात भाजी खारट झाली म्हनून ताट भिरकावलं होतं, तवा तुमाले कोनं बांधलं? पन खरं सांगू, भेव मले बी वाटते. भाऊबीजेले जगदेव आला, पोरीले खांद्यावर घेऊन सारा बाजार दाखवला, अन् त्याच सांजेले भिंतीसंगं भांडत बसला. यातला आपला जगदेव कोनता, मले सांगता येत नाही.

एकदा शपथेवर वेडा म्हटलं का मंग त्याचं शेत, लगन, पंगतीतलं पान, समदं गेलं समजा. आमच्या घरचे म्हनतात, मत बी जाते. मतं मागनारे इथं रोज येऊन राह्यले. दादा, थोडं थांबा. घाई करसान तर तुमाले माझ्या गळ्याची आन आहे.

लहानांवर लोभ धरता तसाच धरा.
तुमची पंचफुला

॥ श्री ॥
अनसिंग, ता. २२ फेब्रुवारी १९३७

चि. सौ. पंचफुला हीस आशीर्वाद वि. वि.

तू थांब म्हटलं अन् मी थांबलो. त्यात काय होऊन बसलं ते पाह्य.

मतांचा दिवस आला. आपल्या बाजूच्या लोकायनं सांगलं, एक बी मत सोडू नका. जगदेवच्या नावावर शेत, म्हनून त्याले मत. मी त्याचं दावं सोडलं, आंघोळ घातली, माझ्या हातानं फेटा बांधला अन् बैलांच्या दमनीत बसवून शाळेत नेलं. तिथं दुसऱ्या बाजूचा उकंडराव आडवा आला. चारचौघात म्हने, वेड्याचं मत चालत नाही. शहाना असंन तर दौलतरावानं बेलभंडार उचलावा. माझं डोस्कं तापलं. तसाच महादेवापुढं गेलो, बेलाचं पान अन् भंडारा हातात घेतला, अन् साऱ्या गावादेखत शपथ घेतली का माझा भाऊ शहाना आहे. जगदेव मत टाकून आला.

आता पंचाईत अशी, का देवापुढं शहाना म्हटलेला भाऊ मॅजिस्ट्रेटापुढं वेडा कसा म्हनू? गाव विचारते, शहान्याले बांधता काहून? सोडला त्याले. गुलाबसिंगाकडच्या बारशाले त्याचं पान माझ्या बाजूले मांडलं. आजवर तो कोपऱ्यात जेवे. वाशीमच्या डॉक्टरले दाखवू म्हटलं, तर उकंडराव हसून म्हनते, म्हंजे बेल खोटा होता का? म्हनून ते बी राह्यलं. पाप लागलं का पुन्य लागलं, तूच सांग.

लोभ कमी करू नको.
दौलतराव

॥ श्री ॥
अनसिंग, ता. ९ मार्च १९३७

आक्काले जगदेवचा नमस्कार.

आज डोकं ठिकानावर आहे, म्हनून लिहून घेतो. पंगतीत सारे आग्रह करतात, लय बरं वाटते. कोनाले मत टाकलं हे दादा रोज विचारते, मी नाही सांगत!

पन आक्का, झोप पुन्हा उडाली. कोनी नसतानी बोलनं ऐकू येते. मी वयनीले सांगून ठेवलं, पितळेची भांडी माझ्या हाताशी ठेवू नको. ती रडली. दादाले म्हटलं, डॉक्टरकडं घेऊन चाल. त्यानं दाराकडं पाह्यलं अन् माझ्या तोंडावर हात ठेवला.

वेडा ठरवलं तवा मले कोनी विचारलं नाही, शहाना ठरवलं तवा बी नाही. मी बिमार आहो. बिमार मानसाचं शेत त्याचंच राह्यते ना? जेवाले बोलावतात ना त्याले? मंग माझंच असं काहून?

तू ये, दादा तुझं ऐकते. नाही आली तर सोमवारी मी एकलाच वाशीमले निघतो. वाटेत उकंडराव भेटला तर सांगीन, दादाचा बेल खरा आहे. शहाना आहो, म्हनूनच डॉक्टरकडं चाललो.

पोरीले जवळ घे. लोभ ठेव.
तुझा भाऊ जगदेव