हवा पोचते, रक्त नाही

४ फेब्रुवारी
ताईला पुन्हा दवाखान्यात ठेवलं! बाळ अजून दोन आठवड्यांचंही नाही. सकाळी जिना चढताना मध्येच खाली बसली — "दम लागतोय गं." ओठ पांढरे. आईचेही असेच... नको.

बाळ माझ्याकडे. बाटली तोंडात घेत नाही. ताईच्या गाऊनमध्ये गुंडाळलं तेव्हा कुठे गप्प झालं. वासाला फसतं बिचारं. मीही फसायचे, आईच्या स्वेटरला. आता त्याला नुसता कपाटाचा वास येतो.

५ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंना वाटतंय, फुफ्फुसात रक्ताची गुठळी आहे. बघायचे दोन रस्ते. एक सीटी. शिरेत औषध सोडून फोटो काढतात, गुठळी असली तर सरळ दिसते. बाबा ताडकन उठले. "ते औषध आमच्या घराला सोसत नाही!" आई पोटाच्या फोटोसाठी त्याच मशीनमध्ये गेली होती, तोंड सुजलं, दुसऱ्या दिवशी गेली. बाबांच्या मते औषधानेच नेली. झालं — ताईच्या केसपेपरवर लिहिलं, 'औषध सोसत नाही'.

मग दुसरी तपासणी. आधी श्वासातून काहीतरी ओढायचं, मग शिरेत सुई. हवा कुठवर जाते त्याचे फोटो, रक्त कुठवर जातं त्याचे फोटो. शेजारी शेजारी लावून बघायचे. "हवा पोचते पण रक्त पोचत नाही, तिथे गुठळी," मशीनवाला दादा म्हणाला. मी नुसती मान हलवली. नेहमीसारखी.

त्या सुईतल्या औषधातून किरणं निघतात म्हणे, म्हणून संध्याकाळपर्यंत बाळाला जवळ घ्यायचं नाही. दूधसुद्धा काढून फेकायचं! मी काचेतून बाळ दाखवलं. ताईने हात पुढे केले. मग मागे घेतले.

६ फेब्रुवारी
ना धड हो, ना धड नाही! "मधलंच काहीतरी आलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सीटी केला असता तर कळलं असतं. पण हिला औषध सोसत नाही ना."

बाबा गप्प. भाऊजी गप्प. ताईही गप्प — तिला वाटतं, बाबांना माहीत असेल.

अरे, पण ताईला ते औषध कधी दिलंच नाही! सोसलं नाही ते आईला!

शाळेत होते तेव्हाही असंच. उत्तर यायचं, हात वर व्हायचा नाही. डॉक्टरीणबाई निघाल्या. मी पळत जाऊन त्यांची बाही धरली. बाही!

"ते आईला झालं होतं. ताईला नाही."

"नक्की?"

"नक्की."

बाबांनी असं बघितलं, जशी खुर्चीच बोलली.

७ फेब्रुवारी
सीटी झाला. काहीही सुजलं नाही. गुठळी आहे, उजवीकडे. रक्त पातळ करायची इंजेक्शनं आधीच चालू केली होती, म्हणून निभावलं. आता औषध काही महिने घ्यायचं.

डॉक्टरीणबाई बाबांना म्हणाल्या, "त्यांना औषधाने नेलं नसणार. बहुतेक गुठळीनेच." बाबा किती वेळ रुमालाची घडी घालत बसले. घालायची, मोडायची.

गुठळ्या व्हायची खोड कधीकधी आईबापांकडून येते म्हणे. आम्हा दोघी बहिणींचं रक्त घेतलं.

८ फेब्रुवारी
बाळ ताईकडे. घरात कोणी रडत नाही. करमत नाही.

१५ फेब्रुवारी
ताई घरी! आत्या बघायला आली. "बाळ ताईवर, ताई आईवर. तेच नाक, तोच आवाज! आणि ही आमची मुकी बाहुली कोणावर गेली, देव जाणे." सगळे हसले. मीही हसले.

ताईने स्वयंपाकघरातून हाक मारली की अजून क्षणभर वाटतं... मग ताईच असते.

२१ फेब्रुवारी
रक्ताचा रिपोर्ट आला. ताईत ती खोड नाही. माझ्यात आहे. "घाबरू नकोस, जपून राहायचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाबा रडले. घाबरले मीही.

पण — मी आईवर गेलेय.