नासावूच्या प्रवाळावर पावसाळ्यात पाहुणे न उतरवण्याबाबत

प्रति,
मा. जिल्हा पर्यटन अधिकारी,
नामोली जिल्हा, वनुआ लेवू, फिजी.

विषय : पावसाळी बुडी-सहल रद्द करणेबाबत, तसेच तिच्या पत्रकावरून अर्जदाराचे नाव काढणेबाबत.
संदर्भ : आपल्या कार्यालयाबाहेर लावलेले दुसऱ्या सहलीचे पत्रक.

महोदय,

मी, खाली सही करणारी वासेमाथा तुइलाऊ, राहणार नासावू, पाहुण्यांना पाण्याखाली नेऊन प्रवाळ दाखवण्याचे काम करते. आपण नुकतेच रुजू झाला आहात. पहिल्या सहलीबद्दल ‘पाहुण्यांचा अनुभव समाधानकारक’ एवढेच आपल्याला कळवले गेल्याचे समजते. तो अनुभव मी त्यांच्यासोबत घेतला असल्याने खालीलप्रमाणे निवेदन करते.

१. सहलीची आखणी आपले सहायक श्री. इसोआ नाथेवा यांनी केली. नोव्हेंबर ते एप्रिलच्या आपल्या पावसाळ्यात इथल्या हॉटेलच्या खोल्या रिकाम्या पडतात, तेव्हा पाहुणे बोलवावेत, या विचाराला माझी हरकत नव्हती. प्रवाळाच्या समुद्राकडच्या कडेशी पाणी बरेचदा निवळ असते. तिकडे न्यावे, आणि नदी तांबडी झाली की बेत मोडावा, इतकेच मी सुचवले होते. त्यांनी जागा ठरवली ती नदीच्या तोंडाशी, कारण ती हॉटेलच्या सज्जातून दिसते. वरचे जंगल तोडल्यापासून पाऊस लागला की अर्धा डोंगर तिथेच वाहून येतो. हॉटेलचा मैल्याचा खड्डाही भरला की तिथेच फुटतो. गाव यांगोनाचा काढा प्यायला जमते त्या बैठकीत मी हे सगळ्यांदेखत सांगितले. श्री. नाथेवा म्हणाले, “अगं, बुडी मारणारा भिजायलाच जातो ना? मग वरून चार थेंब पडले तर काय बिघडलं?” बैठक हसली आणि विषय संपला.

२. सहलीच्या सकाळी पाणी दूध घातलेल्या चहाच्या रंगाचे होते व त्याला वास येत होता. होडी चालवणारे माझे मामा अपेनिसा नाक धरून म्हणाले, “भाचे, ह्या पाण्यात मी डुकरंसुद्धा धुणार नाही.” मी नकार दिला. तेव्हा, मी नाही तर हॉटेलच्या पोहण्याच्या तलावावरचा माणूस पाहुण्यांना घेऊन उतरेल, असे मला सांगण्यात आले. त्या माणसाने समुद्रात कधी बुडी मारलेली नाही. म्हणून मी गेले.

३. पाहुणे म्हणजे न्यूझीलंडचे श्री. डंकन लॅमंट व त्यांच्या पत्नी सौ. हेदर. दोघेही सरावलेले. खाली स्वतःचे कोपर दिसत नव्हते. आम्ही एकमेकांचे हात धरून नांगराच्या दोराने उतरलो. तळाशी पोचतो तोच आमच्यामध्ये काहीतरी मऊ, फुगलेले, जड येऊन आदळले. नदीने आणलेले मेलेले डुक्कर होते, हे नंतर कळले. श्री. लॅमंट दचकले आणि त्यांच्या हातातून बाईंचा हात सुटला. मी त्यांना दोराशी बांधून ठेवले व बाईंना शोधायला निघाले. जिथे हात लावावा तिथे शेंबडासारखा चिकट थर. तो प्रवाळ मी लहानपणापासून ओळखते. त्या दिवशी त्याला शिवताना किळस आली. मग हवेच्या टाकीवर धातू आपटल्याचा आवाज ऐकू आला. बाई खडकाला धरून न घाबरता सुरीने स्वतःची टाकी वाजवत होत्या. पाण्यात आवाजाची दिशा कळत नाही. मी चाचपडत राहिले, आणि अखेर त्यांचा घोटा माझ्या हाती लागला.

४. होडीत चढताच सौ. लॅमंट यांना उलट्या सुरू झाल्या. किनाऱ्यावर श्री. नाथेवा छायाचित्रकार घेऊन उभे होते. डुक्करही लाटांबरोबर तिथेच लागले होते. श्री. नाथेवा ओरडले, “अरे, ते जरा बाजूला ढकला, फोटोत येतंय. आणि बाई, थोडं हसा.” सौ. लॅमंट माझ्याकडे वळल्या आणि हळूच म्हणाल्या, “तुमच्या समुद्रात मला उलटी झाली. माफ करा हं.” या साऱ्या प्रकरणात आजवर माफी मागणारी व्यक्ती ती एकच. पाण्यात काय होते आणि ते कुठून आले, हे मी त्यांना तिथेच सांगितले. त्यांनी नवऱ्याकडून रुमाल मागून घेतला आणि ओठ सोलवटेपर्यंत तोंड पुसत राहिल्या. पुढचे काही दिवस त्यांनी तापात काढले व श्री. लॅमंट यांचे कान वाहू लागले. समाधानकारक अनुभव तो हाच.

५. आमच्या गावच्या बायका नदीच्या त्याच तोंडाशी शिंपल्या वेचत. आता कोणी जात नाही. माझ्या अंगावर फोड आले असून आईने माझे जेवणाचे ताट वेगळे केले आहे.

तरी दुसरी सहल रद्द करून पाणी निवळल्यावर ठेवावी, हॉटेलच्या खड्ड्याची स्वतः पाहणी करावी आणि पत्रकावरून माझे नाव काढावे, ही विनंती. तलावावरच्या त्या माणसालाही मी सारे सांगितले आहे; तोही उतरणार नाही.

उत्तराची वाट पाहणारी,
आपली विनम्र,
वासेमाथा तुइलाऊ
नासावू, दि. ४ मार्च

सोबत : नदीच्या तोंडाशी आज सकाळी भरलेले पाणी, एक बाटली. बूच घट्ट बसवले आहे. उघडायचीच झाल्यास कृपया कार्यालयाबाहेर उघडावी.