मागच्या खोलीत कोणी झोपू नये म्हणून

मी, खाली सही करणारी, गल्लीत शिलाईवाली म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. दम लागतो म्हणून थांबत थांबत लिहिले आहे. अक्षर वाकडे आहे, डोके नाही. शाई जागोजागी फुटली आहे, कारण कागद याच खोलीत ठेवला होता.

१. शिवणयंत्र सुनेला. ती शिवत नाही, पण भंगारात काढणार नाही एवढी भली आहे. सुयांचा डबा फेकून द्यावा, सगळ्या गंजल्या आहेत.

२. घर माझ्या नावावर आहे, ते मुलाला. अट एकच: मागच्या खोलीत कोणी झोपायचे नाही, माझ्या नातीने तर मुळीच नाही. तिथे झोपून तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तेव्हा मी तिची पुढच्या खोलीत रवानगी केली आणि स्वतः मागे आले. माझा नवराही याच खोलीत खोकून खोकून गेला. मुलाचे म्हणणे, म्हातारपणी सगळेच खोकतात. त्याने ओल्या भिंतीला ऑइलपेंट फासला. पापुद्रे सुटून खालची काळी बुरशी पुन्हा वर आली. धूळ येते म्हणून झरोक्यावर फळी ठोकली. ती फळी काढावी. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे घ्यावे. कपडे घरात वाळत घालू नयेत, स्वयंपाक करताना खिडकी उघडी ठेवावी. हे सगळे तोंडाने सांगून झाले. "हो हो, बघू" याखेरीज उत्तर मिळाले नाही.

३. खरे दुखणे भिंतीच्या पलीकडे आहे. दिराच्या गच्चीचा पाइप आमच्या भिंतीवर पाणी ओततो. दोन घरांमधला बोळ कोणाचा, यावरून आमची बोलाचाल बंद झाली ती नातीच्या जन्माआधी. त्या बोळातून अंग तिरके करून चालावे लागते, तरी दोघांनाही तो आपलाच वाटतो. पाणी मात्र कोणी आपले म्हणत नाही. तर तो बोळ मी दिराला देत आहे, त्याने पाइप रस्त्याच्या बाजूला वळवावा या अटीवर.

हे सांगायला मी भिंत धरत धरत त्याच्या दारात गेले होते. त्याने खुर्ची दिली, पाणी दिले, सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "वहिनी, आज पाइप वळवला तर इतकी वर्षं चूक माझीच होती असं होईल." मी म्हटले, होऊ दे की. तो पेला उचलून आत गेला, तो बाहेर आलाच नाही. घरी मुलगा दारातच उभा होता. "आई, बोळ काकाला दिलास तर मी कोर्टात जाईन."

म्हणजे अटी कोणी पाळणार नाही. तरी लिहिते, कारण दुसरे काही हातात उरलेले नाही.

४. माझी गादी टाकून द्यावी. कितीही उन्हात घातली तरी तिचा वास जात नाही.

५. डॉक्टरीणबाई म्हणतात, तुम्ही खोली बदला. पण मी हलले की ही खोली रिकामी होईल, आणि या घरात रिकामी खोली कोणी सोडत नाही. मुलाने माझ्या खाटेच्या पायथ्याशी टेप धरून अभ्यासाच्या टेबलाचे माप घेतले आहे. भिंतींना लावायला फिकट निळ्या रंगाचा डबा आणून ठेवला आहे. तो वाईट नाही. लेकीला स्वतःची खोली द्यावी एवढीच त्याची हौस आहे. म्हणून मी इथेच आहे. मी आहे तोवर ही जागा अडलेली आहे.

काल नात उंबऱ्याशी उभी राहिली. आत मी तिला येऊ देत नाही. म्हणाली, "आजी, तू बरी होऊन पुढे आलीस ना, की ही खोली माझी. बाबा म्हणाले."

मी तिला म्हटले, "घाई करू नकोस गं. मी होईल तितकं लांबवते."

हे सर्व मी स्वतः लिहिले, वाचून पाहिले आणि दोघांच्या देखत सही केली.

सही: शिलाईवाली

साक्षीदार:
गल्लीतल्या डॉक्टरीणबाई
समोरचे चष्मेवाले

स्थळ: मागची खोली
दिनांक: नऊ जुलै