बारावं टक्कल

२ फेब्रुवारी, शनिवार
पोहोचले बाई एकदाची. बर्फावरच्या घसरगाडीत बसून बसून कंबर लाकडाची झाली, पण लुशा धावत येऊन बिलगली अन् सगळं विसरले. सहा वर्षांची नात माझी, केस केवढे दाट, वेणी मुठीत मावत नाही. तिची आई न्यूरा, माझी लेक, तालुक्याला बाळंत झालीय. थंडी उतरली की बाळाला घेऊन येईल. रोजचं लिहून ठेव म्हणून ही वही ठेवून गेलीय.

शेजारीण उस्तिन्या मासा भरलेला पाव घेऊन आली. म्हणे, तुझ्यासारखी दक्षिणेची माणसं इथं बर्फ वितळेपर्यंत टिकत नाहीत. पाव मात्र झकास होता.

३ फेब्रुवारी, रविवार
उणे बेचाळीस. शेजारची पोरं आमच्याच मोठ्या चुलीच्या माथ्यावर, झोपायच्या उबदार विटांच्या ओट्यावर, चढून बसली. सुट्टीचा खेळ काय, तर गावातले टकले मोजायचे. एकेकाचं नाव घ्यायचं, काठीवर खाच पाडायची. बारा भरले की काठी चुलीत टाकायची, म्हणजे थंडी मोडते. हसून हसून पोट दुखलं माझं. अकरावर गाडी अडली. लुशा रडवेली झाली, आई येणार कशी? मी म्हटलं, तुझ्या आजोबांचं घे की. माझा येफिम, नऊ वर्षं झाली जाऊन, डोकं कसं गुडघ्यासारखं गुळगुळीत. लुशानं नाव घेतलं, काठी जाळली.

उस्तिन्याला सांगितलं तर पाव चिरता चिरता थांबली. "अगं बये, जिवंतांचीच घ्यायची असतात. थंडी त्यांच्या डोक्याची ऊब मागते, ते दिवसभर शिंकतात अन् सुटतात. मेल्याकडं ऊब कुठली? तो ती ऊब नाव घेणाऱ्याकडून नेणार."

काहीतरीच.

९ फेब्रुवारी, शनिवार
थंडी मोडली. पागोळ्या गळतायत. न्यूराचा निरोप आला, पुढच्या आठवड्यात निघते. मी हरखून गेले असते, पण पोरं आज चुलीवर चढेनात. लुशा म्हणाली, आजोबा बसलेत ना तिथं, टोपी न घालता.

मला कोणी दिसलं नाही. चूल पेटलेली, पण तेवढी एक वीट गार.

विंचरताना तिचे केस फणीत आले. झुबक्यानं.

१० फेब्रुवारी, रविवार
लुशाचं कपाळ बर्फ. ताप नाही, उलटंच. तीन गोधड्या, गरम दूध, काही नाही. अर्धं डोकं उघडं पडलं पोरीचं. म्हणते, आजोबा हात फिरवतात.

जिवंतपणी पोटच्या लेकीच्या डोक्यावरही कधी फिरवला नाही मेल्यानं. मागितलेलं मात्र कधी सोडलं नाही.

उस्तिन्या उंबऱ्याच्या आत येईना. तिथूनच म्हणाली, "नाव पोरीनं घेतलं, पण सुचवलं कुणी? ते त्याच्या तोंडावर सांग. अन् तू बस त्याच्या शेजारी."

१६ फेब्रुवारी, शनिवार
न्यूरा उद्या दुपारी येतेय. लुशा बोलत नाही.

डोक्याचा रुमाल सोडला. चुलीवर चढले. गार विटेला लागून बसले. म्हटलं, येफिम, मी सांगितलं होतं तिला. तुझी बायको मी, माझ्याकडून ने.

शेजारी काहीतरी हललं. माझ्याकडे वळलं—

१७ फेब्रुवारी, रविवार
केस उशीवरच राहिले माझे. राहू देत. बोटं वाकत नाहीत, दोन्ही हातांनी लिहितेय. चुलीत हात घातला, भाजलं नाही.

घंटा ऐकू येतेय, घसरगाडीची. न्यूरा.

लुशाच्या कपाळाला हात लावला. गरम आहे. देवा, गरम आहे— की माझाच हात इतका