उसवलेला कोट

१५ डिसेंबर १९४६, रविवार

छावणीत जाऊन आले. डिस्पोजलचा – लष्कराने विकायला काढलेला – माल उघड्या मैदानात ढिगांनी पडला आहे – एकीकडे बूट, एकीकडे कोट, मधे पाण्याच्या बाटल्या. लढाई संपून सव्वा वर्ष झालं, माल अजून संपत नाही. एक ओव्हरकोट, दोन माकडटोप्या, जाड मोज्यांचे सहा जोड, बुटांचे दोन. दुकानदाराने विचारलं, मर्दासाठी का. मी म्हटलं, आत्यासाठी. तो हसला नाही. ढिगात वाकून सगळ्यांत लहान बूट शोधून दिले. तेही तिला दोन बोटं मोठे होणार.

ब्रह्मघाटाच्या गल्लीत इक्का शिरत नाही. सगळं डोक्यावर घेऊन आले. बायका दारात उभ्या.

सीताआत्याने कोट उचलला. "कुणाचा होता?" माहीत नाही म्हटलं. तिने खिसे उलटे करून पाहिले.

१६ डिसेंबर

मे महिन्यात गंगोत्री. आत्या आणि मी. लिहून ठेवते, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

१९ डिसेंबर

ढुंढिराजभट आले होते. इथल्या मराठी घरांचे उपाध्ये. यात्रेचा जथा दर वर्षी तेच नेतात. म्हणाले, शरदिनीबाई, शाळेत मुली तुमचं ऐकतात, हिमालय ऐकायचा नाही.

त्यांचं म्हणणं खोटं नाही. नवरा गेल्यावर आत्या काशीला आली ती मरायला. चव्वेचाळिसाव्या वर्षी क्षेत्रसंन्यास घेतला – हद्द ओलांडायची नाही, देह इथेच ठेवायचा, मग पुन्हा जन्म नाही. एकोणीस वर्षांत तिने गंगेपलीकडच्या वाळूवर पाय ठेवलेला नाही. आणि आता म्हणते, जिच्यात रोज बुडी मारली ती निघते कुठून ते बघायचंय.

भटजींनी वाट काढली आहे. निघताना परत येण्याचा संकल्प करायचा. परत आली तर व्रत मोडत नाही. पण बाहेर प्राण गेला तर एकोणीस वर्षं फुकट. गेल्या वर्षी त्यांच्या जथ्यातल्या प्रेमलाबाई गंगोत्रीच्या वाटेवर भैरवघाटीला गारठून गेल्या. त्याही काशीवासी. हे त्यांनी दोनदा सांगितलं. आत्या तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

मी तिला परत आणीन. जिवंत.

२२ डिसेंबर, रविवार

दिवसभर कोट उसवते आहे. आत्या सोवळ्यात शिवलेलं घालत नाही. लोकर चालते – धाबळी नेसूनच ती स्वयंपाक करते. वाटेतही रोज स्नान, रोज सोवळं, आपल्या हातचं अन्न. म्हणजे ऐन थंडीच्या वेळी कोट अंगाबाहेर! मग शिवणच काढून टाकली की झालं.

लष्कराची शिवण. दुहेरी, दोऱ्याला मेण. तीन ब्लेडं मोडली.

२४ डिसेंबर

अस्तर निघालं. बोटं सोलली.

२९ डिसेंबर, रविवार

झालं. सतरा तुकडे. सगळ्यांत मोठा पाटाएवढा.

मी धाबळी मिळेल म्हणून उसवत होते! बाह्या उलगडल्या तर खांद्याशी रुंद, मनगटाशी चिंचोळ्या – पांघरताही येत नाहीत, गुंडाळताही येत नाहीत. सगळे तुकडे सतरंजीवर मांडले आणि बघत बसले.

आत्या देवळातून आली. हे काय म्हणून विचारलं. मी कारण सांगितलं. ती खाली बसली, दोन तुकडे एकमेकांना लावून पाहिले.

"शरू, मला विचारलं का नाहीस?"

"तू शिवलेलं घालत नाहीस."

"इथे घालत नाही. तिथे बर्फात मी कोट घालूनच चूल पेटवली असती. देवाला आधी सांगून."

मग हसू लागली. पदराने डोळे पुसावे लागले. शेजारच्या अन्नपूर्णाकाकूंना भिंतीवरून सांगितलं, आमच्या मास्तरीणबाईंनी कोटाचं श्राद्ध घातलंय, सतरा पिंड मांडलेत, बघायला या.

काकू आल्या. बघून गेल्या. दुपारपर्यंत गल्लीला माहीत.

५ जानेवारी १९४७

आत्या कोट शिवते आहे. खांदे आत घेतले, लांबी कमी केली. म्हणते, नाहीतरी उसवावाच लागला असता. माझं मन राखायला म्हणते.

१२ जानेवारी, रविवार

सराव सुरू. उजाडल्यावर बालाजी घाटाच्या पायऱ्या – दहा वेळा खाली, दहा वेळा वर. तीन मोज्यांवर बूट. लाल आलवण, त्यावर खाकी कोट, केशवपन केलेल्या डोक्यावर माकडटोपी. एका नावाड्याने ओरडून विचारलं, "माताजी, कौन पलटन?"

"बनारस की," आत्या म्हणाली. थांबली नाही.

मी सातव्या फेरीला बसले. मला एकोणतीस पुरी झालीत, तिला त्रेसष्ट.

१३ जानेवारी

पोटऱ्या! वर्गात खुर्चीवरूनच शिकवलं.

२६ जानेवारी, रविवार

वारा होता म्हणून मुद्दाम नेलं. स्नान झाल्यावर ओल्या अंगावर कोट, आणि घाटाच्या बुरुजावर दोन तास. कोट कितपत पुरतो ते कळायला हवं. मी घड्याळ घेऊन समोर. शेवटच्या अर्ध्या तासात तिचे ओठ काळे पडले. विचारलं तर म्हणे, बरं वाटतंय, नदी दिसते. मी दोन तास पुरे होऊ दिले.

३० जानेवारी

आत्याला ताप.

२ फेब्रुवारी

विश्वेश्वरशास्त्री वैद्य येऊन गेले. छातीत कफ. डोंगराचं नाव काढू नका म्हणाले. घड्याळ घेऊन बसले होते हे मी त्यांना सांगितलं नाही.

तिला मारणारी थंडी हिमालयातली नव्हे. माझी.

६ फेब्रुवारी

ताप उतरत नाही. भटजी आले, उभ्यानेच म्हणाले, निदान काशीत आहे. त्यांना धीर द्यायचा होता. मी दार लावून घेतलं.

११ फेब्रुवारी

उतरला. मऊ भात खाल्ला, मीठ मागून घेतलं.

१७ फेब्रुवारी

शाळेतून निघतानाच ठरवलं होतं, गंगोत्री नको म्हणून सांगायचं. घरी आले तर आत्या बूट घालून पलंगावर बसलेली. कशाला म्हटलं. पायांची सवय जाऊ नये म्हणून, म्हणाली.

नाड्या सैल झाल्या होत्या, आवळून दिल्या.

९ मार्च, रविवार

पुन्हा छावणीत. खाली अंथरायला रबरी कापड, आणखी एक घोंगडी, हातमोजे. ब्रँडीची लहान बाटली दुसरीकडून आणली – औषध म्हणून. आत्याला सांगितलेलं नाही.

यादी केली: अंग ओलं असताना एक पळही उभं राहू द्यायचं नाही. ढग दिसले तर आहे त्या मुक्कामीच थांबायचं, पुढची चट्टी गाठायची नाही. ओठांकडे बघत राहायचं. ती नको म्हणाली तरी ऐकायचं नाही.

२३ मार्च, रविवार

आत्या पुन्हा दहा फेऱ्या करते. खोकत नाही. मीही दहा.

भटजींनी आमची नावं जथ्यात लिहिली. जबाबदारी तुमची, म्हणाले. माझीच आहे म्हटलं.

८ एप्रिल

शाळेतून दोन महिन्यांची रजा मिळाली. मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, एवढ्या म्हाताऱ्या बाईला तुम्ही नेता कशा? परत आणणार आहे म्हणून नेते, असं उत्तर दिलं. उत्तर त्यांना आवडलं. मलाही.

१७ एप्रिल

सकाळी घाटावर संकल्प. भटजी सांगत होते, आत्या मागून म्हणत होती. परत काशीला येईन, या शब्दांशी ती थांबली. भटजींनी ते पुन्हा सांगितले.

"ते नको. क्षेत्रसंन्यास सोडते, एवढंच सांगा."

भटजी म्हणाले, सीताबाई, एकोणीस वर्षांचं आहे ते.

"एकोणीस वर्षं मरणाची वाट बघितली. आता नाही बघत. येईल तिथे येऊ दे."

पळी त्यांच्या हातून घेऊन तिनेच पाणी सोडलं.

पायऱ्या चढताना मला म्हणाली, "तू मला परत आणायला येतेस. तसं असेल तर येऊ नकोस, शरू. मी जथ्याबरोबर जाईन."

गाडी उद्या सकाळी आहे. सामान बांधलेलं आहे. मीही जाते आहे. परत आणायला नाही.