झाकणावरचं कुंकू

१० ऑगस्ट

दोर आला. नायलॉनचा, जाड, दोन्ही टोकांना लोखंडी आकडे. आता डिकीत जागा उरली नाही. ताडपत्री, लहान तंबू, पाण्याची कॅन, शेगडी, टॉर्च, जॅक, बिस्किटांचा डबा, पट्ट्या आणि मलमांची पिशवी. सगळं नवं. प्रथमोपचाराची पेटी तेवढी जुनी. गोकुळची. पांढऱ्या पत्र्याची, लाल फुलीची. ती मी उघडत नाही. झाकणावर मागच्या वर्षीचं हळदकुंकू वाळून बसलं आहे. असू दे. तो पुरावा आहे.

सुलतानपूरहून लोणारला कॉलेजात जायचं आणि परत यायचं. एवढ्यासाठी तंबू! शेजारच्या सिंधूताई डिकीत डोकावल्या. "मॅडम, कॉलेजात चाल्ल्या का हिमालयात?"

हसले. डिकी बंद केली.

१३ ऑगस्ट

रोज डोक्यात तेच फिरतं. एकदा कागदावर उतरवते.

माझा नवरा, गोकुळ, मोबाईलच्या टॉवरवर दुरुस्तीला जायचा. कुठलाही डोंगर, कुठलीही वेळ. रस्ता बंद झाला की गाडीतच झोपायचा. म्हणून ते सामान. त्याच्याशिवाय गाडी गेटबाहेर नेत नसे. घरात सगळे हसायचे. तो वाटतही फिरायचा – कुणाला टॉर्च, कुणाला ताडपत्री. "येईल परत," म्हणायचा. काही यायचं, बरंचसं नाही.

मागची खंडेनवमी. रंगराव – त्याचे थोरले भाऊ, माझे भासरे – यांनी डिकी रिकामी केली. सगळं धुतलं, पुसलं, पाटावर मांडलं. विळे, कुऱ्हाड, नटबोल्टचे पाने, त्यांच्या शेजारी जॅक आणि पेटी. पेटीवर झेंडूचं फूल. दुपारी गोकुळ मेहकरला निघाला, दसऱ्याची फुलं आणायला. सवयीनं पेटी उचलली.

"ठेव बे ते. पुजलेल्या हत्याराले उद्यापावतर हात लावत नाईत."

"दादा, हे हत्यार आहे का?"

"गाडीचं साधन हाय ना? मंग हत्यारच. एका दिवसानं काय होते?"

गोकुळनं पेटी खाली ठेवली. वाद घालणं त्याला कधी जमलं नाही.

वळणावर गाडी शेतात उलटली. मांडी चिरली. सगळ्यांत आधी पोचला तो त्या शेताचा मालक मोतीराम. त्यानं नंतर मला सांगितलं, "भाऊनं डिकीकडं बोट केलं. म्या उघडली. रिकामी! मंग माहा दुपट्टा बांधला, पण रगत थांबेच ना, बाई." डॉक्टर म्हणाले, चांगली घट्ट पट्टी बसली असती तर हाती लागले असते.

घरी पाटावर पेटी. पेटीवर फूल. अजून ताजं.

तेरवीला रंगराव चार माणसांत म्हणाले, "नशीब." दुसरं काही नाही.

त्यांना गरज पडेल. माणसाला पडतेच. तेव्हा गाडी माझी असेल, सामान माझं असेल, आणि वाक्य त्यांचं.

२२ ऑगस्ट, पोळा

रंगराव बैल घेऊन दारात आले. मी बैलांचे पाय धुतले, ओवाळलं, पुरणपोळी चारली. बैल आणणाऱ्याच्या कपाळाला टिळा लावायचा असतो. लावला नाही. ते थोडा वेळ थांबले. मग बैलांना म्हणाले, "चला रे."

३ सप्टेंबर

एका दिवसानं काय होते. गाडी चालवताना मोठ्यानं म्हणून पाहते. आवाज चढू द्यायचा नाही. हे वाक्य हळूच म्हटलं पाहिजे.

१५ सप्टेंबर

भाजीचा टेम्पो चिखलात रुतला होता. ओढायला ट्रॅक्टर हजर, दोर कुणाकडेच नाही! माझा दिला. टेम्पोवाल्याच्या कोपराला खरचटलं होतं, पिशवीतली पट्टी बांधली. कॉलेजात पोचेपर्यंत बातमी माझ्या पुढे. मागच्या बाकावरून आवाज – "मॅडम, आज कविता का आपत्ती व्यवस्थापन?" वर्ग हसला. मीही.

सगळ्यांना देईन. मागेल त्याला, न मागेल त्याला. एक माणूस सोडून.

२८ सप्टेंबर

पुष्पाबाई आल्या. माझ्या जाऊबाई, रंगरावांच्या पत्नी. बराच वेळ पदराचं टोक पिळत बसल्या.

"औंदा नवमीले तू येशीन का नाई, हे इचार म्हने."

"ते का नाही आले विचारायला?"

"काऊन येतीन वो? तू त्यायच्याकडं पाहतबी नाईस."

"येईन," म्हटलं. "डिकीतलं सगळं घेऊन येईन. पेटीसुद्धा."

त्यांचा चेहरा उजळला. बिचाऱ्या! त्यांना वाटलं, मिटलं.

पाटावर पेटी ठेवीन. सगळी भावकी जमलेली असेल. मग सगळ्यांसमोर विचारीन.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

रात्र बरीच झाली. तरी लिहिते.

सगळं मांडलं होतं. पेटी बरोबर मध्यभागी, मागच्या कुंकवासकट. रंगरावांनी ती पाहिली. नवं कुंकू वाहिलं, जुन्याच्या शेजारी, त्याला धक्का न लावता. मी तोंड उघडणार होते. आधी कोहळा होऊ दे म्हटलं.

कोहळा दरवर्षी तेच कापतात, पुजलेल्या कोयत्यानं. तेवढ्यापुरती मुभा. यंदा कोयता कोहळ्यावरून घसरला आणि डाव्या मनगटात गेला.

पाटावर रक्त. झेंडूवर रक्त. सगळे ओरडत होते. पुष्पाबाई माझ्या पट्ट्यांच्या पिशवीवर झेपावल्या.

मी म्हटलं. हळूच. जसं पाठ केलं होतं तसं.

"पुजलेलं आहे ना, दादा? एका दिवसानं काय होते?"

पुष्पाबाईंचा हात पिशवीवर तसाच. रंगरावांनी माझ्याकडे पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदा मीही त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी उजव्या हातानं पुष्पाबाईंचा हात धरला आणि पिशवीवरून बाजूला केला.

"नको लावू हात. बराबर बोल्ली थे."

"अवं, मरता का आता!" पुष्पाबाई किंचाळल्या.

ते पाटासमोर मांडी घालून बसून राहिले. हात पुढे, पालथा. थेंब मोजल्यासारखे पाहत होते. मागितलं नाही. एकदाही नाही!

मला हे नको होतं. त्यांनी मागायला हवं होतं. गयावया करायला हवी होती, मग मी नाही म्हणणार होते. नाही म्हणायची जागाच त्यांनी ठेवली नाही.

शेवटी पुष्पाबाईंनी आपलं लुगडं टराटरा फाडलं आणि आवळून बांधलं. गाडी मी चालवली. डिकी रिकामी, वळणावर ती खडखडत होती. रंगराव मागच्या सीटवर डोळे मिटून. मोतीरामच्या शेताजवळ त्यांनी डोळे उघडले.

"मले थो रोज दिसते अठी," म्हणाले. "मी येता-जाता उतरतो."

मी आरशात पाहिलं नाही.

मेहकरच्या दवाखान्यात टाके पडले. हात वाचला.

२ ऑक्टोबर, दसरा

आज हत्यारं उचलता येतात. सकाळीच जाऊन सगळं सामान गाडीत भरलं. पाटावर रक्ताचा डाग तसाच होता.

गोकुळची पेटी उघडली. वर्षानंतर पहिल्यांदा.

एक कात्री. कापसाचा बोळा. पट्टी गुंडाळलेली असते ती पुठ्ठ्याची नळी, मोकळी. तळाशी त्याच्याही आधीच्या कुठल्या दसऱ्याचा सुकलेला झेंडू. दुसरं काहीच नाही. पट्ट्या वाटून टाकल्या असतील त्यानं, आणि परत भरायचं राहिलं असेल.

संध्याकाळी रंगराव सोनं द्यायला येतील, बांधलेल्या हातानं.

पेटी बंद केली. झाकणावरचं कुंकू पुसलं नाही.